धार न तुटणारी रांगोळी

१

साक्षी गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, आणि तिची फुप्फुसं मात्र तीस वर्षं खाणीत दगड फोडलेल्या माणसाची होती. खाण तिनं जन्मात पाहिली नव्हती. हातकणंगल्याच्या दोन खोल्यांत ती राहिली, तिथंच आजारी पडली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिथंच संपली. आधी आठ महिने क्षयाची औषधं झाली. मग एका मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, हा क्षय नव्हे, ही धूळ आहे. दगडातल्या सिलिकाची, पिठासारखी बारीक धूळ.

हे मला साक्षीच्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं सांगितलं. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. राजारामपुरीतल्या माझ्या घराच्या पायरीवर तो बसला होता. खुर्चीत बस म्हटलं तर बसेना. त्याचे वडील जयसिंग माझ्या कॉलेजात, भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं मी पोरांना दगड दाखवले आणि एकतीस वर्षं जयसिंगनं ते पुसून परत खोक्यात ठेवले. आता जयसिंग नाही आणि मी निवृत्त. पण दगडाचं कोडं पडल्यावर त्याच्या पोराला राजमती मॅडमच आठवल्या.

"मॅडम, एकच इचारायचंय," तो म्हणाला. "माझ्या कापडातनं गेली काय ओ ती?"

तो नऊ वर्षं एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे करतो. साच्याची वाळू म्हणजे सिलिकाच.

"डागदर म्हणाले, ह्या घरात वाळूत काम करतंय कोण? मी हात वर केला. माझी कापडं तीच धुवायची की. धुवायच्या आधी दारात झटकायची."

"आणि तुझी मुलगी? यशोधरा ना?"

"यशू. सहा वर्साची हाय. सासूनं वडगावला नेलीया. म्हणती, माझी पोरगी खाल्लीस, नातीला हात लावू देणार न्हाय. कागद केलाय तिनं, पोरगीवर हक्क सांगणार न्हाय म्हणून. येत्या मंगळवारच्या फुडल्या मंगळवारी सही करायची हाय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मॅडम, तुमी व्हय म्हटलासा तर करतो सही. खरंच माझ्यातनं गेलं असंल तर मी तिच्याजवळ जायालाच नको."

"आता भेटतोस का तिला?"

"रविवारी जातो. फौंड्रीतच आंगूळ करतो, कापडं बदलतो. तरी बी गल्लीच्या तोंडालाच हुभा ऱ्हातो. ती लांबनं हात करती."

अशा वेळी मी चष्मा पुसते. चष्मा दोन महिन्यांचा होता आणि काचा आत्ताच धुरकटल्या होत्या. हल्ली सगळे प्लॅस्टिकच्या काचा घेतात, मी मात्र हट्टानं खऱ्या काचेच्या घेते, कारण काचेवर सहजासहजी ओरखडा पडत नाही हे मीच पोरांना शिकवलंय. आठवड्यापूर्वी चष्मेवाल्यानं सुनावलं होतं, "बाई, वाळूनं पुसता काय?" मी त्याच्याच मालाला नावं ठेवून घरी आले होते.

"उद्या येते तुझ्या घरी," मी म्हणाले. "सही करू नकोस तोवर."

२

घर पाहायला दहा मिनिटं पुरली. धुळी मात्र तीन सापडल्या.

पहिली प्रसेनजीतच्या खुंटीवरच्या शर्टात. काळी, जाड, कोळशाच्या भुकटीत मिसळलेली वाळू. दुसरी अंगणात. रस्त्यापलीकडे खडी फोडायचा क्रशर होता, त्याची करडी धूळ पेरूच्या पानांवर बसली होती. तिसरी मागच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर. पांढरी आणि मधेच गुलाबी.

"ही कसली रे?"

"रांगोळी. साक्षी घरात बसून रांगोळीचं काम करायची. पांढऱ्या पावडरीत रंग कालवायचा, फडक्यानं चाळायचा, गुलमोहर छापच्या पुड्या भरायच्या. सासूच्या वळखीनं काम मिळालंतं, तीन वर्सं झाली. ती गेल्यावर सासूनं यशूला नेली, तवा उरलेली चार पोती बी त्याच टेंपोत घालून नेली."

खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्या फटींत गोणपाट कोंबलं होतं. पंखा होता, पण त्याच्या पात्यांवर बोटभर थर.

"पंखा लावला की रंग उडतोय," तो म्हणाला. "गुलाबी पांढऱ्यात गेला की माल माघारी येतोय. म्हणून दार-खिडकी लावूनच बसायची."

मी त्याला त्याच्या स्वतःच्या एक्स-रेबद्दल विचारलं. फौंड्रीनं गणपतीच्या आधी सगळ्यांचे काढले होते. त्याचा निर्मळ होता. नऊ वर्षं वाळूत उभा असलेला माणूस ठणठणीत, आणि त्याचे कपडे झटकणारी बाई मेली, हे काही मला पटेना. पण एका एक्स-रेवर त्याला निर्दोष म्हणायला मी डॉक्टर नव्हते, आणि तेवढ्यावर त्याची सासू ऐकली नसती. धूळ कुठली ते दाखवायलाच हवं होतं.

"हा साक्षीचा फोन," त्यानं यशूचा फोटो दाखवायला फोन पुढं केला.

फोटो नीट दिसेना. फोनच्या काचेवर मधोमध, जिथं अंगठा फिरतो तिथं, धुरकट चट्टा होता. फडक्यानं पुसला, निघाला नाही. मग मी तो उजेडात तिरका धरला. बारीक बारीक ओरखडे होते, शेकड्यांनी.

"हा फोन कुठं असायचा?"

"तिच्याजवळच. काम करताना गाणी लावायची."

आता माझी चूक सांगते. आमच्या विषयात पहिल्याच दिवशी शिकवतात, शंखजिरं सगळ्यांत मऊ, जिप्समवर नखानं ओरखडा पडतो, कॅल्साइटवर तांब्याच्या पैशानं, आणि काचेला ओरखडा काढतो तो क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. रांगोळी होते शिरगोळ्याची. शिरगोळा म्हणजे कॅल्साइट, मऊ दगड, काचेला ओरखडा काढायची त्याची टाप नाही. फोनवर ओरखडे काढणारी धूळ रांगोळी असूच शकत नाही, असं मी छातीठोकपणे ठरवलं आणि रस्त्यापलीकडच्या क्रशरकडे बोट दाखवलं.

"न्हाय म्हंजे, रांगोळीनं कुनी मरतंय व्हय," प्रसेनजीतही म्हणाला.

३

क्रशरमागं माझा आठवडा गेला. तिथल्या मुकादमाशी भांडले, वाऱ्याची दिशा पाहिली, पेरूची पानं पिशवीत भरून आणली. क्रशरला साक्षीच्या घराहूनही जवळ एक झोपडी होती. तिथं बायडाबाई राहायच्या, वय पंचाहत्तर, आवाज अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा.

"खोकला येतो का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीया!" त्या ओरडल्या. "चाळीस वर्सं खातुया ही धूळ. तुमास्नीच दम लागलाय चालून. बसा हितं, पानी प्या."

पाणी प्यायले आणि घरी आले. पानांवरची धूळ भिंगाखाली धरली. काळा बेसाल्ट, आपला सह्याद्रीचा कातळ. त्यात मोकळी गारगोटी जवळजवळ नसतेच. क्रशर निर्दोष होता, निदान ह्या एका बाबतीत. म्हणजे उरले प्रसेनजीतचे कपडे. सहीला एक दिवस उरला होता, आणि त्याला काय तोंड दाखवायचं ते मला कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी उठून सवयीनं दारात सडा टाकला, रांगोळी घेतली. रात्री पाऊस शिंपडून गेला होता. समोरच्या घरच्या सूनबाई त्यांच्या डब्यातली रांगोळी चिमटीत चुरत होत्या. दमट हवेत तिचे गोळे झाले होते.

"मावशी, तुमची कशी ओ सुटी पडते नेहमी?"

"गुलमोहर छाप घे," मी म्हणाले. "दोन-तीन वर्षं मी तीच आणते. धार तुटत नाही."

बोलता बोलता नाकावर घसरलेला चष्मा त्याच हातानं वर केला, काचेवर बोट लागलं, पदरानं पुसलं. आणि तशीच उभी राहिले.

रोज सकाळी मी हेच करत होते. रांगोळीच्या हातानं चष्मा वर करायचा आणि पुसायचा. खऱ्या काचेचा चष्मा, आणि त्याच्यावर दोन महिन्यांत शेकडो ओरखडे.

४

माळ्यावर दिवाळीच्या सामानाचा डबा होता. त्यात चार वर्षांपूर्वीची, जुन्या मालाची अर्धी पुडी सापडली. दोन बशा घेतल्या. एकीत जुनी रांगोळी, दुसरीत गुलमोहर छाप. दिसायला दोन्ही पांढऱ्याशुभ्र, बहिणी-बहिणी. संडास धुवायच्या ॲसिडचे दोन-दोन थेंब टाकले.

जुनी रांगोळी सोड्यासारखी फसफसली. कॅल्साइट तसाच फसफसतो. गुलमोहर छाप नुसती भिजली. एक बुडबुडा नाही.

मग खिडकीच्या तुटलेल्या काचेचा तुकडा घेतला आणि गुलमोहर छापची कोरडी चिमूट बोटानं त्यावर घासली. कर्र आवाज झाला. काचेवर धुरकट ओरखडे उमटले. साक्षीनं तीन वर्षं बंद खोलीत दळलेली गारगोटी चाळली होती. तिच्या नवऱ्याच्या शर्टातली वाळू जाड, काळी, झटकली की खाली पडणारी. ही मैद्यासारखी, हवेत तरंगणारी. फोनवर बसली ती हीच, आणि छातीत गेली तीही हीच. मी पहिल्या दिवशी चौकटीवरची चिमूटभर धूळ काचेवर घासली असती तर हे तिथंच कळलं असतं. पोरांना शंभरदा बजावलं होतं, बघून दगड ओळखू नका, घासून बघा. स्वतःवर वेळ आली तेव्हा बाईंनी नाव ऐकलं आणि दगड ओळखला.

पुडीच्या मागं मालकाचं नाव होतं, वृषभ, आणि पत्ता पेठ वडगावचा. रांगोळी तिथं. प्रसेनजीतची सासू पारूबाई तिथं. साक्षीची उरलेली चार पोती तिथं, आणि त्याच टेंपोतून गेलेली यशूही तिथंच.

५

वृषभचं दुकान बाजारपेठेत होतं. पस्तिशीचा, कपाळावर देवळातलं गंध, माणूस वाईट वाटला नाही. "जय जिनेंद्र, मावशी, बसा की," म्हणून त्यानं पंखा माझ्याकडं वळवला. मी त्याच्या गल्ल्यावर काचेचा तुकडा ठेवला आणि त्याच्याच पुडीतली रांगोळी त्यावर घासून दाखवली.

त्यानं काच उचलून ओरखड्यांवरून नख फिरवलं.

"ही गारगोटी आहे. पूड कुठून आणतोस?"

"तीन वर्षांपूर्वी जुना चक्कीवाला बंद पडला," तो म्हणाला. "मी तीन चक्क्यांवरनं तीन पुड्या आणल्या. मला दगडातलं काय कळतंय मावशी? पारूमावशीला नेऊन दिल्या. अख्ख्या वडगावात तिच्यासारखी चिमूट कुणाची नाही. लग्नाला, मिरवणुकीला रांगोळी घालायला तिलाच बोलावणं येतं. तिनं तिन्ही पुड्या जमिनीवर सोडून बघितल्या आणि ही उचलली. म्हणाली, बाकीच्या दोन दमट हवेत बोटाला धरतात, हिची धार तुटत नाही."

"चक्कीवाल्यानं सांगितलं होतं का, दगड कुठला ते?"

त्यानं मान खाली घातली. "गारगोटी म्हणाला होता. मी म्हटलं, पांढरं ते पांढरं. दारात तर घालायची."

"आणि जी चाळते तिचं काय?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तीच रांगोळी मी शेजारणीला शिफारस करून आले होते.

"पारूबाईंकडं माल आहे आत्ता?"

"दिवाळी तोंडावर आली की. काल सहा पोती उतरवली." मग तो घुटमळला. "साक्षीच्या वाटचं पण तीच करते आता. एकटीनं होत नाही, म्हणून नात बसते चाळायला."

मी चप्पल घालायलाही थांबले नाही, हातात घेऊन पायरी उतरले.

६

घराचं दार आतून लावलेलं होतं. खिडकीत जुनं लुगडं कोंबलेलं.

"कोण हाय? दार ढकलू नका, रंग उडतोय!" आतून आवाज आला.

मी ढकललं. आत पांढरं धुकं होतं आणि त्यात पारूबाई एका पोत्याशी बसल्या होत्या. समोर परातीवर फडकं ताणून एक पोर चाळत होती. पापण्यांवर, भुवयांवर, ओठांवर पांढरा थर. पोरीचा दंड धरून मी तिला बाहेर ओट्यावर आणलं.

"कोण ओ तुमी?" पारूबाई मागोमाग धावल्या. "त्यानं धाडलंय व्हय? त्याला म्हणावं, उद्या सही कर आन् मोकळा हो. माझी एक खाल्ली त्यानं. हिला मी त्याच्या धुळीत ऱ्हाऊ देणार न्हाय. घराभाईर काढत न्हाय म्या हिला."

मी त्यांना बसवलं. कोण ते सांगितलं. पिशवीतून आणलेल्या बशा मांडल्या, ॲसिड टाकलं, काच घासली. जावयाचा निर्मळ एक्स-रे सांगितला. वडगावच्या बाजारातून इथवर रिक्षात मी एक वाक्य घोकत आले होते, तेच म्हटलं. "पूड वृषभनं बदलली. त्यानं फसवलं तुम्हाला."

पारूबाईंनी उजव्या हाताची चिमूट माझ्या पुडीत घातली आणि ओट्याच्या कडेनं धार सोडली. सरळ, सारखी, कुठं जाड नाही, कुठं तुटक नाही. असा हात मी आयुष्यात पाहिला नाही.

"न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "त्यानं तीन आनल्या व्हत्या. ही म्या निवडली."

त्यांनी ती रेघ तळहातानं पुसली. मग पुन्हा पुसली. पुसलेली होती तरी पुसत राहिल्या.

"साक्षीला म्याच म्हटलं, ह्यो माल घे, चांगला हाय. आन् हिला हिकडं आनली, वाचवायला." त्यांनी माझ्याकडं वर बघितलं. "बाई, हिला काय न्हाय झालं न्हवं? चारच म्हयनं झाल्यात."

यशू ओट्यावर पाय हलवत बसली होती. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"बांगड्या छान आहेत गं. कुणी भरल्या?"

"आज्जीनं. दसऱ्याला."

दसरा होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मी तिचा हात धरला आणि बांगड्या उन्हात फिरवल्या. हिरव्या काचेवर दुधासारखी झाक आली होती. पदरानं पुसून बघितलं, दोनदा. निघाली नाही.

पारूबाईंनी माझा चेहरा पाहिला.

मी प्रसेनजीतला फोन केला. तो पाळीत होता, मागं यंत्रांचा गोंगाट.

"तुझ्या कपड्यांतून नाही गेली ती," मी म्हणाले. "रांगोळी होती. वडगावला ये, यशूला न्यायला."

मग तो ओरडून म्हणाला, "आलो मॅडम! आंगूळ करून, कापडं बदलून—"

"बदलू नकोस. आहेस तसाच ये."

तो तासाभरात आला. काळ्या वाळूनं माखलेला, आणि सवयीनं गल्लीच्या तोंडाशीच थांबला. यशूनं लांबून हात केला, तीही सवयीनं. तेव्हा पारूबाई ओट्यावरून उठल्या.

"ये रं," त्या म्हणाल्या. "आत ये. माजं चुकलं."

पोर धावत सुटली. त्यानं तिला उचललं, तिचं पांढरं तोंड आपल्या काळ्या शर्टात दाबलं, आणि हसला. मोठ्यानं, गल्लीतली माणसं बघायला लागतील इतक्या. चार महिन्यांनी हसत असावा.

"मॅडम, न्हाय ना माझ्यातनं? परत एकदा सांगा की!"

"नाही. तुझ्यातून नाही," मी म्हणाले. "प्रसेनजीत, उद्या सकाळी आठला त्या मोठ्या डॉक्टरांकडं जायचंय. यशूला घेऊन ये."

कशाला, असं त्यानं विचारलं नाही. धावत आल्यानं पोर त्याच्या खांद्यावर खोकत होती, आणि तो खोकला थांबायची वाट बघत तसाच उभा होता.